सिमेंटवाल्या अप्पांची घरबांधणी

शिवमूर्तीअप्पा हलकुडे त्या शाळेत पहिल्यांदा आले तेव्हा, पाहणारे सांगतात, औशाच्या नाक्यावर उभ्या असलेल्या एस.टी.च्या काचा थरथरल्या, शेजारच्या रानातल्या सोयाबीनची फुलं गळाली आणि निलंग्याकडे निघालेला एक ढग आल्या वाटेनं परत फिरला. आणि तोवर अप्पा नुसते मोटारसायकलवरून उतरले होते. तोंड उघडायचं बाकीच होतं.

ते उघडलं फाटकात उभ्या असलेल्या बाईंकडे बघून.

"शाळा कुठाय?"

"हीच शाळा," बाई म्हणाल्या.

अप्पांनी नजर फिरवली. चिंचेखाली एक दाढीवाला तरुण बासरी वाजवत होता आणि पोरं त्याच्याभोवती रिंगण करून नाचत होती. ओट्यावर मिसरूड फुटायला आलेली मुलं मांडीवर लोकरीचे गुंडे घेऊन विणत बसली होती. एक मुलगी परातीत कणीक मळत होती. वर्गात फळा होता, पण त्यावर रंगीत खडूंनी काढलेला हत्ती होता, आणि हत्तीच्या खाली ना स्पेलिंग होतं ना पाढा.

"ही शाळा असंल," अप्पा म्हणाले, "तर माझं दुकान विद्यापीठ हाय."

बाईंनी हात पुढे केला. त्या वर्षाराणीताई, पहिलीच्या वर्गाच्या. ही वॉल्डॉर्फ नावाच्या, हातांनी शिकवणाऱ्या जर्मन पद्धतीची शाळा होती, आणि तिथला रिवाज असा की रोज सकाळी ताई दारात उभ्या राहतात आणि एकेका मुलाशी हात मिळवून, डोळ्यांत बघून, मगच त्याला आत घेतात. अप्पांशी मात्र लातूर जिल्ह्यात कुणी कधी हात मिळवला नव्हता. लोक लांबून नमस्कार करत आणि बोळ बदलत. त्यांनी ताईंचा हात धरला तो सळई वाकते का बघावं तसा. ताईंचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. अप्पा तिथंच निम्मे हरले, पण हे त्यांना पुढची तीन वर्षं कळायचं नव्हतं.

येण्याचं कारण त्यांच्या मागं, बायकोच्या, महादेवीबाईंच्या, पदराआड उभं होतं. अक्षरा. वय सहा. आधीच्या इंग्रजी शाळेत तिनं बाईंना मराठीत पाणी मागितलं, म्हणून बाईंनी तिला बाकावर उभं केलं. तेव्हापासून पोरगी शाळेत बोलेना. मग शेजारीपाजारी बोलेना. मग घरातही खुणांवर आली. औशाच्या डॉक्टरनं जीभ तपासली, लातूरच्या डॉक्टरनं कान तपासले, आणि नांदेडच्या डॉक्टरनं काहीच न तपासता सांगितलं की तिच्यासाठी धाक नसलेली शाळा बघा. धाक नसलेली शाळा म्हणजे पाणी नसलेली विहीर, असं अप्पांचं मत होतं. ते त्यांनी नांदेडच्या दवाखान्यात सर्व रुग्णांना ऐकू जाईल असं मांडलंही होतं.

"पहिलीपासून आठवीपर्यंत मीच यांची ताई," वर्षाराणीताई महादेवीबाईंना सांगत होत्या. "वर्ग बदलतो, ताई बदलत नाही."

"आठ वर्षं?" अप्पा म्हणाले. "आमच्याकडं सरकार टिकत न्हाई एवढं."

ताईंनी अक्षराच्या हातात मेणाचा एक तुकडा ठेवला. मुठीत धरून बस म्हणाल्या, ऊब लागली की मऊ होतो, मग त्याचं काहीही करता येतं. एक तुकडा अप्पांनाही दिला. अप्पांचा तुकडा ते "ह्याचं काय करू" म्हणेपर्यंत बोटांतून ओघळून पँटवर उतरला होता.

अक्षरा दोन आठवडे मेण मुठीत धरून गप्प बसली. कुणी तिला बोल म्हटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनं चार पायांचं काहीतरी केलं आणि शेजारच्या मुलाला म्हणाली, "ही बकरी हाय. तिला हात लावू नको." तिथून जी सुटली ती सुटली. किल्लारीहून मुलं आणणाऱ्या मडिवाळप्पाच्या जीपमध्ये ती येता-जाता इतकी बोलायला लागली की मडिवाळप्पानं टेप दुरुस्त करायचा विचार सोडून दिला. ती पहिल्यांदा बोलली त्या दिवशी अप्पांच्या दुकानी एक माणूस अर्धं वापरलेलं पोतं परत द्यायला आला, तर अप्पा त्याला चक्क "ठेव तिथं" म्हणाले. माणूस घाबरून पोतं घेऊन घरी गेला.

पण याचा अर्थ अप्पा शाळेवर खूश झाले असा कुणी घेऊ नये. अप्पा कशावरच खूश होत नसत. किल्लारीच्या चौकातलं त्यांचं 'श्रीशैल सिमेंट अँड स्टील' हे दुकान म्हणजे संतापाचं ठोक विक्री केंद्र होतं. गिऱ्हाईक सिमेंट कमी मागे तर "एवढ्यात काय चूल लिपणार हाय का" म्हणून ओरडत. जास्त मागे तर "कामून, धरण बांधून राहिला का" म्हणून ओरडत. आणि ज्यानं सळईचं माप एका सुतानं कमी करायचं नाव काढलं, त्याला दुकानाची पायरी पुन्हा चढता येत नसे. उधारीवर माल देतील, पण बारीक सळई देणार नाहीत. लोकांना तो व्यापाराचा विचित्र नियम वाटे.

शाळेवरचा राग ते पालकसभेत काढत.

"बाहुलीला तोंड न्हाई," ते कापडाची बाहुली उंच धरून म्हणाले. "पोरीनं घरी आनली. माझी बायको दचकली."

"मुद्दामच नसतं अप्पा," ताई म्हणाल्या. "मूल स्वतः ठरवतं, आज बाहुली हसतेय की रडतेय."

"माझी पोरगी म्हनती, आज बाहुली पप्पासारखी चिडली हाय."

"बघा, तोंड असतं तर जमलं नसतं."

शाळेत स्वभावांचा एक हिशेब चाले. मुलांचे चार स्वभाव मानत, आणि रागीट मुलाला मुद्दाम दुसऱ्या रागीट मुलाशेजारी बसवत, म्हणजे दोघं एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. ताईंनी हाच उपाय पालकांना लावला. अप्पांच्या शेजारी श्रीमंत वाघमारेला बसवलं. हा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा माणूस, दिवसभर उसाच्या ट्रॉल्यांवरून शिव्या देऊन-खाऊन आलेला. दोघं एकमेकांशी अशा जोरात भांडत की बाकी सभा शांतपणे पार पडे. पालकांनाही विणकाम शिकवत. अप्पांनी एक मफलर विणला. टाके इतके आवळले होते की तो घडी होईना. कपाटाला टेकून उभा राही.

असा दोन वर्षं संसार चालला, आणि अक्षरा तिसरीत गेली. तिसरीत या पद्धतीच्या शाळांत घरबांधणीचा पाठ असतो. मुलं स्वतःच्या हातांनी एक खरं घर बांधतात.

सभेत हे सांगायला शाळेचे चालक राजशेखर स्वतः आले. उदगीरच्या आडत्याचे चिरंजीव. पुण्यात पंधरा वर्षं संगणकापुढं बसून आता मातीत हात घालायला परत आलेले. अंगात खादी, पायात काही नाही. माणूस मनानं इतका चांगला की त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की चहा प्यावासा वाटे.

"आपल्या आजोबा-पणजोबांसारखं घर," राजशेखर म्हणाले. "दगड आणि माती. मुलं चिखल तुडवतील, दगड रचतील, भिंत वर येताना बघतील. बाजारातली एक वस्तू नाही वापरायची."

अप्पा उभे राहिले. "सिमेंट?"

"नाही अप्पा. एक चिमूटही नाही."

"दगड-मातीचं घर? लातूर जिल्ह्यात?"

"अहो, भिंत मुलांच्या कमरेएवढीच असणार," वर्षाराणीताई म्हणाल्या. "वर खांबांवर हलकं छप्पर."

"न्हाई बांधायचं," अप्पा म्हणाले. आवाज नेहमीचाच, पण शेवटाला कुठंतरी चिरफाळला.

श्रीमंतनं संधी सोडली नाही. "अप्पा, दोन पोती तरी घ्या म्हना की मॅडमला. उपाशी मरतंय बिचारं दुकान."

सगळे हसले. डॉक्टर, प्राध्यापक, लातूरचे कापडवाले, सगळे. अप्पांना तिथं दोन वाक्यं बोलायची होती. पण ही वाक्यं त्यांनी आयुष्यात कधी कुणापुढं उच्चारली नव्हती. किल्लारीत ती उच्चारावी लागत नाहीत; तिथं घराघरांत तीच वाक्यं आहेत. आणि इथं ही माणसं हसत होती. अप्पांनी चपला घातल्या, उलट्या, आणि तसेच गेले.

त्र्याण्णव सालच्या भूकंपात अप्पा दहावीला होते. विसर्जनाची मिरवणूक संपवून पोरं रानात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपली होती, म्हणून ते राहिले. घरात आई, म्हणजे अव्वा, होती आणि धाकटा भाऊ श्रीशैल होता. घर दगडाचं, हात-हात जाडीच्या भिंती, मधे नुसती माती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहायचं. सगळे कौतुक करायचे. त्या पहाटेनंतर अप्पांचा दगड-मातीवरचा विश्वास कायमचा गेला, आणि पुढं दुकान काढलं तेव्हा त्याला भावाचं नाव दिलं. गिऱ्हाइकांना वाटे, तीर्थक्षेत्राचं नाव आहे. अप्पा कुणाला सांगत नसत.

सभेनंतर आठवड्याभरात अक्षरा घरी आली ती दप्तराऐवजी दोन्ही हातांत काहीतरी जपून धरून. तिनं स्वतः विणलेल्या पिवळ्या फडक्यात एक दगड गुंडाळला होता. वर्गात ढीग आला होता आणि प्रत्येकानं एक दगड आपला म्हणून निवडायचा, धुवायचा, एक दिवस घरी न्यायचा, म्हणजे ओळख होते. तिनं तो देव्हाऱ्याच्या पायरीवर ठेवला आणि त्याला तीन बोटांनी विभूती लावली.

अप्पा जेवायला आले. त्यांनी दगड बघितला. छोटीच खांडकी होती, पण घडीव. एक बाजू सपाट, आणि त्या बाजूवर नीळ घातलेल्या चुन्याचा पापुद्रा.

"ह्यो कुठून आनला?"

"मडिवाळप्पामामाच्या ट्रॅक्टरमधून. लई हायेत. माझा सगळ्यात चांगला हाय."

अप्पा ताटावरून उठले. महादेवीबाईंनी एकदा दगडाकडे बघितलं आणि ताट झाकून ठेवलं. त्याही त्याच गावच्या.

मडिवाळप्पा आपल्या दारात जीप धूत होता. सकाळी जीप, दुपारी ट्रॅक्टर, असा त्याचा धंदा.

"दगड कुठून भरला?"

"जुन्या गावातून, अप्पा. राजशेखरसरांला जुनाच पायजे होता, हातानं घडलेला. म्हनले, ह्याच्यात जीव असतो. तिथं पडूनच हाय की."

"पडून हाय? कसा पडला, ठाव न्हाई तुला?"

मडिवाळप्पानं फडकं पिळलं. "ठाव हाय. माझा चुलता बी त्यातच गेला. पर किती वर्सं झाली आता. दगडाला काय माहीत हाय त्यातलं?"

अप्पांनी जीपच्या बॉनेटवर असा हात मारला की तिथं अजून पोचा आहे. हाताचं तर विचारूच नका. मग दुसऱ्या दिवशी, अक्षरा आपला दगड घेऊन शाळेत गेल्यावर, ते दुकानाचा टेम्पो काढून निघाले. किल्लारीपासून शाळेपर्यंतच्या रस्त्यानं त्या दिवशी अप्पांचा राग वाढतच गेला, आणि खरं सांगायचं तर तो वाजवी होता. निसर्गावर, जुन्या गोष्टींवर प्रेम करणाऱ्या माणसांचं हे असंच असतं. पडलेल्या घरात त्यांना पोत दिसतो, रंग दिसतो, कारागिरी दिसते. ते घर कुणावर पडलं, हे विचारायचं तेवढं राहून जातं. लातूरमध्ये शाळा काढायची, गावाशी नाळ जोडायची म्हणायचं, आणि त्या गावात एका दाराशी उभं राहून "हा दगड नेला तर चालेल का हो" एवढं विचारायचं सुचू नये.

अप्पा पोचले तेव्हा पाठ चालू होता. ढिगापासून पायापर्यंत मुलांची साखळी होती आणि दगड हातोहात पुढं चालले होते. सोबत गाणं. अप्पा तरातरा जाऊन साखळीच्या मधोमध उभे राहिले.

"थांबवा ह्ये!"

साखळीतल्या मुलाला हात रिकामा दिसला. त्यानं अप्पांच्या हातात दगड दिला. अप्पांनी तो धरला, कारण सोडला असता तर पोराच्या पायावर पडला असता, आणि पलीकडच्या मुलीनं हात पुढं केले होते, म्हणून तिला दिला. तोवर दुसरा आला.

"ताई, ह्ये घर न्हाई बांधायचं. म्या सांगून ऱ्हायलो." दगड घेतला, दिला.

"अप्पा, थोडं सिमेंट घ्यायचं असेल तर आपण..."

"सिमेंटाचं नाव काढायचं न्हाई." घेतला, दिला. मुलांच्या दृष्टीनं अप्पांचं ओरडणं हे पावसाळी हवामान होतं, त्यासाठी काम थांबवायची पद्धत नव्हती. गाणंही चालू होतं. त्या गाण्यात, हातातून एकामागून एक दगड जात असताना, अप्पांच्या तोंडून ती वाक्यं गेली. "ह्येच्याखालून माझ्या अव्वाला काढली. श्रीशैलला तर दुसऱ्या दिशी काढला, तवर त्यो हाका मारत होता म्हनतात. आन तुमी ह्येला गानं म्हनून धुऊन ऱ्हायले."

गाणं थांबलं. पुढचा दगड घेऊन अक्षरा उभी होती. ती साखळीत आपल्या बापाच्या शेजारीच होती, हे अप्पांना आत्ता दिसलं.

राजशेखर धावत आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांचे डोळे भरले होते. इथवर ठीक होतं. पण ते बोलले. "अप्पा, मग तर हे घर किती अर्थपूर्ण होईल. आपण इथं एक मेणबत्ती लावू. मुलांना त्या दगडांची गोष्ट..."

अप्पांनी त्यांना काय म्हटलं ते इथं छापता येणार नाही. निम्मं मराठीत होतं, निम्मं उर्दूत आणि शेवटचा शब्द कानडी. राजशेखरांना तिन्ही भाषा येत होत्या, हे त्यांचं दुर्दैव. चांगल्या मनाच्या माणसाला नेमक्या वेळी गप्प बसायला शिकवणारी शाळा अजून निघायची आहे.

वर्षाराणीताई मात्र एवढंच म्हणाल्या, "मी नांदेडकडच्या नायगावची. मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही." आणि वाकून दगड उचलला, टेम्पोत नेऊन ठेवला. मग दुसरा. मुलांनी ते बघितलं आणि साखळी उलटी फिरवली. पायापासून टेम्पोपर्यंत. काही वेळानं, सवयीनं, कुणीतरी तेच गाणंही सुरू केलं. अप्पा ओठ आवळून उभे राहिले. आता त्यांना ओरडायला काही उरलं नव्हतं आणि राग तर सगळा शिल्लक होता.

ढीग टेम्पोत चढला. एक दगड राहिला. अक्षरा त्याच्यावर बसली होती.

"ऊठ."

"न्हाई. ह्यो माझा हाय. म्या धुतलाय."

"त्यो दगड जानार."

"मंग म्या बी त्येच्यासंगं जानार."

"ऊठ म्हनलं ना. उद्यापासून शाळा बंद तुझी. घरी बस."

अक्षरानं ओठ मिटले. नुसते मिटले नाहीत. आत ओढून घेतले. तो प्रकार अप्पांनी ओळखला. इंग्रजी शाळेनंतर ती अशीच दारात उभी राहायची, आणि मग दीड वर्ष त्या घरात पोरीचा आवाज नव्हता. अप्पांना आयुष्यात दोन गोष्टींची भीती होती, दगड-मातीच्या भिंतीची आणि त्या मिटलेल्या ओठांची. आणि आता पोरगी एकीवर बसून दुसरी दाखवत होती.

अप्पांनी टेम्पोचं फळकं लावलं, परत उघडलं. चिंचेवर पोपट तेवढे बोलत होते.

"बांधा," अप्पा म्हणाले, जणू कुणाला फाशीची शिक्षा सुनावत होते. "ह्यो एक दगड राहू द्या. बाकीचा नवा आना, खानीतला. पर मधी काँक्रीटचा पट्टा घालायचा, भूकंपाचा. सळई घालायची. सिमेंट माझं, फुकट. आन मी सोता हुबा ऱ्हानार. रोज."

"रोज?" ताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती होती.

"रोज."

टेम्पो भरून दगड अप्पांनी जुन्या गावात परत नेले. कुठं टाकले ते त्यांनी सांगितलं नाही. मडिवाळप्पा म्हणतो, टाकले नाहीत, उतरवले. एकेक.

घरबांधणी सुरू झाली, आणि तिथं एक गोष्ट उघड झाली. अप्पांनी आयुष्यभर सिमेंट विकलं होतं, पण थापी कधी हातात धरली नव्हती. त्यांची भिंत पोट सुटल्यासारखी पुढं आली. पोरं हसली, अप्पा ओरडले, भिंत पाडून परत रचली, ती मागं गेली. वर्षाराणीताई विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेल्या होत्या. नोकरी सोडून इकडं आल्या म्हणून घरच्यांनी काही वर्षं अबोला धरला होता.

"अप्पा, ही सळई फार जाड होते," त्या म्हणाल्या. "कमरेएवढ्या भिंतीला पुलाची सळई लावलीय तुम्ही."

"पूल तरी कामून पडू द्यावा?"

"आणि सिमेंट एवढं..."

"ताई, तुमी लोकर विना."

शिकवण्यासारखं त्यांना काही येत नव्हतं, पण मुलं त्यांच्यामागं फिरत. तिसरीचा वर्ग महिनाभरात अप्पांसारखा चालू लागला, कमरेवर हात ठेवून, मान तिरकी. मातीच्या घराचं स्वप्न बघणारे राजशेखर रोज एकदा येऊन सिमेंटचा तो करडा ठोकळा बघत आणि खादीच्या बाहीनं घाम पुसत. हैदराबादहून एक ज्येष्ठ मार्गदर्शक मुलांचं नैसर्गिक घर बघायला आले. बघून ते चिंचेखाली जाऊन बसले आणि जेवणाची घंटा होईपर्यंत तिथंच बसून राहिले. छपराला अप्पांनी पत्रा घातला. गवत का नाही असं ताईंनी विचारलं नाही, अप्पांनीच सांगितलं, "पत्रा पडला तरी मानूस जगतं."

अक्षराचा दगड दाराशेजारी बसवला. त्याला अप्पांनी इतकं सिमेंट लावलं की दगड दिसेना. अक्षरानं ओलं असतानाच बोटानं खरवडून चुन्याची निळी बाजू मोकळी केली. अप्पांनी परत झाकली. तिनं परत खरवडली. तिसऱ्या वेळी अप्पांनी थापी खाली ठेवली.

घर झालं. भिंती इतक्या जाड की आत निम्माच वर्ग मावला. उरलेले दारात उभे राहिले. पालक आले, श्रीमंतही आला, आणि म्हणाला, "शेवटी खपवलंच की सिमेंट, अप्पा." अप्पांनी बोटावरचं सिमेंट खरवडलं. मग श्रीमंतच म्हणाला, "ऐकलं म्या मागून. मला ठाव नव्हतं." आणि दोघं पहिल्यांदाच शेजारी शेजारी गप्प उभे राहिले. सभेचं काम त्यामुळं फार लांबलं.

अक्षरा दारात उभी राहून ताईंसारखी प्रत्येकाशी हात मिळवत होती आणि आत पाठवत होती. अप्पांची पाळी आली. त्यांनी हात मिळवला.

"आत या की, पप्पा."

"म्या भाईरच बरा."

"पडत न्हाई. तुमीच बांधलंय."

"म्हनून तर," अप्पा म्हणाले.

मुलं आत गाणी म्हणत होती तोवर ते बाहेरच्या भिंतीला पंजा लावून उभे होते, जणू घर त्यांनीच धरून ठेवलं होतं. शेवटचं मूल बाहेर आलं तेव्हा त्यांनी हात काढला आणि चपला का विस्कटल्या म्हणून सगळ्यांवर ओरडले.

ही शाळा पुढं आणखी दोन वर्षं चालली. लातूर हे डॉक्टर घडवणारं गाव. पाचवी सुरू झाली की पालकांना झोप लागेना. पहिल्यांदा प्राध्यापकांनी मुलं काढून शिकवणीच्या फाउंडेशन बॅचला घातली, मग कापडवाल्यांनी, मग बासरीच्या सर्वांत मोठ्या चाहत्या डॉक्टरीणबाईंनी, आणि जाताना प्रत्येकानं ताईंना सांगितलं की तुमचं काम फार सुंदर आहे. अप्पा प्रत्येक सभेत उभं राहून या लोकांना शिव्या देत, पण ज्यांना द्यायच्या ते येतच नसत. शिव्या खायला श्रीमंत आणि महादेवीबाई तेवढ्या उरत. मग श्रीमंतनंही मुलगा काढला. जाताना तो काही सुंदर वगैरे म्हणाला नाही. अप्पा त्याला एवढंच म्हणाले, "तू बी?"

शाळा बंद झाली. राजशेखर पुण्याला परत संगणकापुढं बसले. आठवीपर्यंत सोबत राहीन म्हणालेल्या वर्षाराणीताई अक्षराच्या पाचवीनंतर नांदेडला गेल्या आणि तिथं एका शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवतात. जागा आता प्रवेश परीक्षेच्या मुलांचं वसतिगृह आहे. मालकानं ते करडं घर पाडायला जेसीबी लावला होता, पण त्याचे दात मोडले आणि घर पडलं नाही. त्यात आता बोअरची मोटार बसवली आहे.

अक्षरा औशाच्या शाळेत जाते. वर्गात फारसं बोलत नाही. मार्क बरे पडतात.